ते गोल परत फिरतंय!

मी पोटापाण्यासाठी सपोर्ट इंजिनिअर आहे. म्हणजे पवईतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून दिवसभर (आणि शिफ्ट असेल तर रात्रभर) जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लोकांचे अडकलेले सर्व्हर सोडवते. कस्टमर कितीही खवळलेला असो, माझं पहिलं वाक्य ठरलेलं. 'नेमकं काय होतंय आणि केव्हा होतंय, ते सांगाल का?' या एका वाक्याच्या जोरावर मला ऑफिसात दोनदा अवॉर्ड मिळालंय. सर्टिफिकेट, कॉफीचा मग, टाळ्या, सगळं.

आणि डोंबिवलीहून आईचा फोन आला की माझं पहिलं वाक्य काय असायचं? 'आई, बंद करून चालू कर ना गं.'

झालं असं, की गेल्या दिवाळीत मी आईबाबांना टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घेऊन दिली. आईला सिरीयल्स आणि नाटकं, बाबांना क्रिकेट आणि जुने हिंदी पिक्चर. पाडव्याच्या दिवशी लावून दिली, रिमोटवरच्या बटणांची शिकवणी घेतली आणि संध्याकाळी लोकल पकडून परत. पहिले काही दिवस मजेत गेले. मग फोन यायला लागले. 'अगं, ते गोल परत फिरतंय.'

आईच्या भाषेत बफरिंग म्हणजे 'ते गोल'. मी मीटिंगमधून, रिक्षातून, एकदा तर पार्लरच्या खुर्चीतून सल्ले दिले. बंद करून चालू कर. नेटचा प्रॉब्लेम असेल. पाऊस आहे का तिकडे? (डिसेंबर होता.) शेवटी कंटाळून मोबाइलवरूनच त्यांचा इंटरनेट प्लॅन पन्नासवरून शंभर एमबीपीएसचा केला. दोन मिनिटांचं काम. कार्ड माझं, समाधान माझं आणि गोल त्यांचं.

मग फोन बंद झाले. मी समजले, प्रॉब्लेम सुटला.

बाबांची वही

मे महिन्यात आमरसाचं निमित्त काढून गेले. रात्री हॉलमध्ये तिघं बसलो होतो. पिक्चर लागला होता आणि ऐन रंगात आला असताना पडद्यावर गोल फिरायला लागलं. आई लसूण सोलत होती, तिने मान वर केली नाही. बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, टीपॉयच्या खालून एक जुनी डायरी काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि परत ठेवली. कोणी काही बोललं नाही. दोघंही सरावले होते!

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. तिथे सिग्नल बिघडला की वेळ लिहायची, काय दिसलं ते लिहायचं आणि पूर्ववत कधी झालं तेही लिहायचं. ती सवय गेली नाही. डायरी उघडली तर जानेवारीपासूनच्या नोंदी, तारीखवार, बारीक अक्षरात. '८.३५ अडकले. ८.३९ सुरू.' '८.३२ अडकले. गोल.' 'चित्र थांबले, आवाज चालू राहिला.' 'आपोआप बंद. कंपनीचे चिन्ह आले. पुन्हा सुरू.' 'मॅच. शेजारी विकेट आधी पडली.'

ज्या लॉगसाठी मी दिवसभर कस्टमरच्या हातापाया पडते, तो पाच महिन्यांचा लॉग माझ्या बापाने लिहून ठेवला होता आणि मी तो मागितलाच नव्हता.

अधूनमधून अजूनही काही होतं. 'मुलीला फोन केला. कामात आहे.' 'फोन केला. मीटिंग.' फेब्रुवारीच्या मध्यावर, 'फोन केला नाही.' त्यानंतर फोनची नोंद नाही.

मी डायरी मिटली आणि दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली.

चार प्रकारचं 'अडकणं'

आता तुम्ही म्हणाल, बिघाड तो बिघाड, त्यात एवढं काय? बॉस, तिथेच तर सगळा घोळ होतो. आपण सगळ्याला 'हँग झालं' म्हणतो. बाबांनी तसं म्हटलं नव्हतं, जे दिसलं ते लिहिलं होतं. त्यामुळे एकाच स्टिकचे चार वेगवेगळे आजार सुटे सुटे दिसत होते.

गोल फिरतंय, म्हणजे डेटा वेळेवर पोचत नाहीये. संशयित इंटरनेट किंवा वायफाय. चित्र थिजलं पण आवाज पुढे चाललाय, म्हणजे डेटा बहुतेक पोचतोय, पण स्टिकला त्याचं चित्र बनवणं झेपत नाहीये. संशयित स्टिकची मेमरी, नाहीतर तापलेली चिप. मधेच पडदा काळा होऊन कंपनीचा लोगो येतोय, म्हणजे स्टिक चक्क रीस्टार्ट होतेय, बहुधा वीज कमी पडतेय. आणि सगळं जागच्या जागी, रिमोटलाही दाद नाही? आधी रिमोटचे सेल बदलून बघा. हसू नका. माझ्या ओळखीत दोघांनी यासाठी नवी स्टिक घेतलीय.

सुरुवात सोप्यापासून केली. लोगोवाली भानगड. टीव्हीच्या मागे हात घातला तर स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खुपसलेली. दिवाळीत मी तर अ‍ॅडॅप्टरला लावली होती. 'बाबा, तो अ‍ॅडॅप्टर कुठाय?' बाबांनी बोट दाखवलं. त्यावर त्यांचा मोबाइल चार्ज होत होता! जुना चार्जर बिघडला होता आणि 'टीव्हीतून चालतंय की' म्हणून त्यांनी काटकसर केली होती.

चालतं, पण रडतखडत. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून अधिकृत हिशेबाने अर्धा अँपिअर करंट मिळतो. स्टिकसोबतचा अ‍ॅडॅप्टर साधारण एक अँपिअरचा असतो, नवीन मॉडेल्सना त्याहून जास्त लागतो. मेनू बघताना अर्ध्यात भागतं. पिक्चर सुरू झाला, वायफाय आणि चिप दोन्ही जोरात पळायला लागले की दम लागतो आणि स्टिक मान टाकते. अ‍ॅडॅप्टर परत भिंतीत गेला, बाबांना नाक्यावरून नवा चार्जर आणला. एक आजार खलास.

दुसरा, चित्र थांबून आवाज चालू राहण्याचा. तो नेहमी पिक्चर लागल्यानंतर तासा-सव्वा तासाने. स्टिकला हात लावला तर चांगलीच तापलेली. वर मे महिना आणि भिंतीला चिकटलेला टीव्ही, मागे वाराच नाही. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते आणि मग चित्र अडखळतं. यावरचा इलाज बॉक्समधूनच आलेला असतो. वीतभर एचडीएमआयची वायर, जी लावली की स्टिक टीव्हीच्या पाठीपासून सुटी लोंबते. आमची ती वायर ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि लग्नपत्रिकांच्या खाली निपचित पडली होती. दिवाळीत घाईघाईत मीच ती तिथे टाकली होती. तिचा दुसरा फायदाही आहे. टीव्हीच्या मागच्या पत्र्याच्या आडोशातून स्टिक थोडी बाहेर येते आणि तिला वायफाय जरा बरं मिळतं.

मेमरीही भरलेली. अशा बऱ्याच स्टिक्समध्ये स्टोअरेज असतं आठ जीबी. त्यातला मोठा वाटा सिस्टिमच खाते. समोरच्या काकूंच्या नातवाने सुट्टीत सात गेम टाकून ठेवले होते. ते उडवले (काकूंना सांगू नका), मोठ्या अ‍ॅप्सचा कॅश साफ केला. इथे एक सांभाळा. सेटिंग्जमध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' शेजारीशेजारी असतात. पहिला म्हणजे केर काढणं. दुसरा म्हणजे घर रिकामं करणं. तो दाबलात की लॉगिन जातं, आणि पासवर्ड कोणाच्या तरी लग्नाआधीच्या ईमेलवर असतो.

आणि हो, बंद करून चालू करण्यात तथ्य आहेच, माझी तेवढी लाज राखा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी स्टिक नुसती झोपते. होम बटण दाबलं तरी मागची अ‍ॅप्स काही काळ मेमरी अडवून बसतात. सेटिंग्जमधून रीस्टार्ट केलं, किंवा प्लग काढून मिनिटभर थांबून लावला, की मेमरी मोकळी होते. फक्त तो रोजचा इलाज ठरायला लागला, तर दुखणं दुसरीकडे आहे.

गच्चीवरची टाकी

राहिलं ते मूळ गोल. आईने विचारलं, 'हे गोल म्हणजे नेमकं असतं काय?' सहा महिन्यांत हा प्रश्न मी तिला विचारू दिला नव्हता.

डोंबिवलीकरांना हे समजावणं एकदम सोपं. म्युनिसिपालिटीचं पाणी कसं, कधी जोरात येतं, कधी धार बारीक. पण नळ दिवसभर नीट चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. बफर म्हणजे ती टाकी. पिक्चर आपल्याकडे सलग येतच नाही. काही सेकंदांचे तुकडे करून येतो. स्टिक पुढचे तुकडे आधीच आणून टाकीत भरते आणि आपण खालून नळ सोडून बघत बसतो. भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला, टाकी रिकामी झाली, की गोल. वर गंमत अशी, की प्रत्येक तुकडा सर्व्हरवर चार-पाच दर्जांत तयार असतो. धार बारीक झाली की स्टिक गुपचूप हलक्या दर्जाचा तुकडा मागवते. म्हणून आधी चेहरे धुरकट होतात आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर गोल फिरतं. चित्र धुरकट व्हायला लागलं की समजायचं, टाकीचा तळ दिसतोय.

'मग शंभरचा प्लॅन घेतलास तो?' बाबांनी विचारलं. सिग्नलवाल्यांचे प्रश्न असेच सरळ असतात.

मोबाइल घेऊन राउटरपाशी गेले आणि स्पीड मोजला. ९२. मग हॉलमध्ये येऊन स्टिकवरच स्पीड टेस्टचं अ‍ॅप टाकून मोजला. ४! म्हणजे घरात शिरेपर्यंत ब्याण्णव आणि बेडरूममधून हॉलपर्यंत येताना चार. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला पाच एमबीपीएस किंवा जास्त लागतात, फोर केला पंधरा. आमच्या पन्नासच्या जुन्या प्लॅनमध्ये हे आरामात बसत होतं. पैसे मी मेन लाइन रुंद करायला घातले होते आणि गळती स्वयंपाकघरात होती. म्हणून राउटरशेजारी मोजून हुरळून जाऊ नका. जिथे बघता, तिथेच मोजा.

कपभर पाणी

स्वयंपाकघरात गळती, हे मी उगाच म्हटलं नाही. आमच्या घरात बेडरूममध्ये स्टीलच्या कपाटावर राउटर, मध्ये स्वयंपाकघर, पलीकडे हॉल. वायफायला दोन भिंती ओलांडाव्या लागतात, त्यात खाली अख्खं कपाट पत्र्याचं. एवढ्यानेही तो अर्धमेला होणारच. पण बाबांच्या नोंदींत गोल अकारण फिरत नव्हतं. ८.३५, ८.३२, ८.३७, ८.३५. जवळजवळ रोज रात्री, चारेक मिनिटं.

'आई, साडेआठला तू काय करतेस?'

'काय करणार, बाबांचं जेवण गरम करते.'

मायक्रोवेव्ह! स्वयंपाकघराच्या ओट्यावर, राउटर आणि टीव्हीच्या बरोब्बर मधोमध. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर आणि जुन्या पद्धतीचं वायफाय २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. दोघं एकाच गल्लीतले. ओव्हनच्या दारातून जी अगदी किंचित गळती होते ती माणसाला अपायकारक नसते, पण वायफायच्या कानाशी ढोल वाजवल्यासारखी असते.

तरी मी म्हटलं, पुरावा हवा. कपात पाणी घेतलं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, आईला दोन मिनिटं लावायला सांगितलं आणि स्टिकवर परत स्पीड मोजला. चारचा एक झाला. थांबल्यावर परत चार. आईला इतका आनंद झाला की तिने ते आणखी दोनदा करून बघितलं आणि मग त्याच पाण्याचा चहा केला. बाबांनी डायरीत लिहिलं, 'कारण सापडले. वरण.'

जेवण गार खाणं हा उपाय नव्हता. खरा उपाय दोन पायऱ्यांचा. एक, राउटर हॉलमध्ये आणणं. त्यासाठी नेटवाल्या पोराला बोलवावं लागलं, कारण फायबरची वायर आपण ओढून, मुडपून नेऊ नये. आत काचेचा केसासारखा धागा असतो, काटकोनात वाकवला की प्रकाशच गळतो. तो दुसऱ्या दिवशी आला, दहा मीटर वायर वाढवून दिली, चहा प्यायला आणि गेला. दोन, स्टिक २.४ वरून ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर घेणं. २.४ चा पट्टा म्हणजे आठ पंचावन्नची लोकल. एकमेकांना धक्का न लागता चालतील असे चॅनेल तिथे तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या हॉलमधून शेजाऱ्यांची सव्वीस वायफाय दिसत होती. पाचमध्ये जागा भरपूर आणि मायक्रोवेव्हचा संबंध नाही. मात्र भिंतींपुढे तो लवकर दमतो. म्हणून राउटर जवळ हवा. नुसता बँड बदलून बेडरूममधून काम भागलं नसतं.

बरेच राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि स्टिक हटकून २.४ ला जाऊन चिकटते. मी नावं वेगळी केली. काय ठेवायची म्हणून बाबांना विचारलं. आता आमच्या घरात दोन वायफाय आहेत, 'डोंबिवली स्लो' आणि 'डोंबिवली फास्ट'. स्टिक फास्टमध्ये बसते. वेग, टीव्हीपाशी मोजलेला, ७८. आणि माझा प्लॅन मी परत पन्नासवर आणला.

ज्यांना राउटर हलवणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी एक अनफॅशनेबल सल्ला. स्टिकला चालेल असा लॅनचा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो लावून सरळ वायर ओढा. दिसायला वायर दिसते, मान्य. पण गोल दिसत नाही.

आणि एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. वैतागून फॅक्टरी रीसेट. तो सगळ्यात शेवटचा उपाय. कधीकधी दोष तुमच्या घरात नसतोच. मार्च २०२५मध्ये जगभरातले सेकंड जनरेशनचे क्रोमकास्ट एकाएकी चालेनासे झाले. कारण? गुगलच्या बाजूच्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती. गुगलने लोकांना सांगितलं, रीसेट करू नका, थांबा. ज्यांनी आधीच रीसेट मारला होता, त्यांना दुरुस्ती आल्यावरही सेटअप परत करताना घाम फुटला. तेव्हा एकच अ‍ॅप अडकत असेल आणि बाकी सगळी सुतासारखी चालत असतील, तर आपलं घर उचकटण्याआधी मित्राला फोन करून विचारा, त्याच्याकडे काय परिस्थिती आहे.

उरली एक नोंद, 'मॅच. शेजारी विकेट आधी पडली.' बाबांना हा सगळ्यात मोठा बिघाड वाटत होता. शेजारच्या काकांकडे डिश आहे. तिकडून 'आउट!' अशी आरोळी येते आणि आमच्याकडे बोलर अजून चेंडू पँटला घासत असतो. मला सांगावं लागलं, की हा बिघाडच नाही. मैदानावरचं चित्र तुकड्यांत कापायचं, वेगवेगळ्या दर्जांत बनवायचं, लाखो घरांना पोचवायचं आणि वर प्रत्येकाच्या टाकीत थोडं साठवायचं, यात अर्धा मिनिट सहज जातो. २०२३च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या जणांना एकच विकेट वाटायची म्हणजे उशीर होणारच. शिवाय लाइव्ह मॅचची टाकी लहानच असते. पुढची ओव्हर अजून टाकलीच नाही, तर साठवणार काय? म्हणून पिक्चर नीट चालतो त्याच नेटवर मॅच अडखळू शकते.

'मग खिडकी लावून घेत जा,' मी म्हटलं. 'आवाज आला नाही की झालं.'

बाबांनी थोडा विचार केला. 'नको. आरोळी आली की पेपर बाजूला ठेवून वर बघता येतं. नाहीतर विकेट चुकते.'

आता दर रविवारी रात्री मी फोन करते आणि बाबा डायरी वाचून दाखवतात. गेल्या आठवड्यात एकच नोंद होती. बुधवार, ९.२०, पडदा काळा, आवाज नाही. मी लगेच विचारलं, नेमकं काय झालं, केव्हा झालं, लोगो आला का, स्टिक गरम होती का? बाबांनी सगळी उत्तरं शांतपणे दिली. मग मागून आईचा आवाज आला, 'अगं, लाइट गेले होते.'